मुद्दाम आलेले पाहुणे

इटलीतल्या कास्तेल्मुर्रो गावात बाहेरची गाडी आली की ती वाट चुकूनच आलेली असायची. टपालवाला आणि रविवारचा पाद्री सोडला, तर डोंगर चढून वर येणारा प्रत्येक माणूस खरं म्हणजे दुसरीकडेच निघालेला असायचा. कुणी तेर्मोलीच्या समुद्रावर, कुणी खाली पुल्याकडे मामाच्या घरी. एकदा तर लग्नाचं अख्खं वऱ्हाड चौकात येऊन उभं राहिलं. नवरी पुढच्या गाडीत, तिच्या मांडीवर पांढरा झगा आणि आत्याच्या मांडीवर पांढरा केक. देऊळ बरोबर दिसत होतं, घंटाही वाजत होती, फक्त नवरदेव तेवढा समोरच्या डोंगरावरच्या देवळात घाम पुसत उभा होता. लिबेरातो यान्नेत्ता पुढच्या गाडीत केकशेजारी जाऊन बसला आणि वऱ्हाड जागेवर नेऊन पोचवूनच परत आला. परत आला म्हणजे तिसऱ्या दिवशी. जेवण चांगलं होतं म्हणे, आणि नवरीच्या बापाने त्याला हलूच दिलं नाही.

वाट चुकलेल्यांचं खातं लिबेरातोकडे कुणी सोपवलेलं नव्हतं. त्याचं घर वेशीवरचं, पहिलंच. तरुणपणी तो स्वित्झर्लंडमध्ये बोगदे खणायला गेला होता. परत आला तेव्हा कानात थोडा दडा आणि गुडघ्यात थोडी थंडी घेऊन आला, आणि दारापुढे खुर्ची टाकून बसला. गाडी यायची, काच खाली व्हायची, काचेतून एक गोंधळलेला चेहरा बाहेर यायचा. लिबेरातो कधीच विचारायचा नाही, 'वाट चुकलात का?' माणसाला ते लागतं, विशेषतः शेजारी बायको बसलेली असली तर फारच लागतं. तो विचारायचा, "कुठे निघालात?"

मग आतून त्याची बायको मिकेलिना कॉफी घेऊन यायची. कॉफीमागून पावाचा तुकडा, पावावर चीज, आणि पाहुण्याचा रंग फारच उतरलेला असेल तर घरची लाल दारू. हे सगळं पोटात गेल्यावर मग वाट सांगायची. लिबेरातोची वाट सांगायची रीत गावात प्रसिद्ध होती. "पहिल्या वळणावर अंजीर लागेल, तिकडे बघू नका. दुसऱ्या वळणावर कुत्रा अंगावर येईल. नुसता भुंकतो, त्याला तेवढंच जमतं. पूल ओलांडलात की डावीकडे तीन तोट्यांचा पाणवठा आहे, वर अक्रोडाची सावली आहे. तिथे थांबाच. तसलं पाणी पुढे मिळायचं नाही." माणूस इतकं ऐकून घ्यायचा, की पुढे प्रत्येक वळणावर त्याला आपण इथले जावईच आहोत असं वाटायचं.

एवढं सगळं करूनही लिबेरातोच्या मनात एक काटा होता, आणि तो जुना होता.

सैन्यात सक्तीची भरती होती तेव्हा तो पार उत्तरेला, एका छावणीत जाऊन पडला. पहिल्याच दिवशी तुकडीच्या नायकाने विचारलं, "कुठला रे तू?"

"मोलिसेचा."

नायकाने भिंतीवरच्या नकाशावर काठी फिरवली. वर बघितलं, खाली बघितलं. नकाशा जुना होता, मोलिसे वेगळा प्रदेश व्हायच्या आधीचा. नायक म्हणाला, "असलं काही नाहीये. घरी जाऊन नीट विचारून ये." सगळी खोली हसली. पुढे बोगद्यावरही तेच. कामगारांच्या खोलीत संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या मुलखाची फुशारकी मारायचा. व्हेनिसकडचा म्हणायचा, आमच्याकडे अख्खं जग होड्यांतून फिरायला येतं. सिसिलीचा म्हणायचा, आमच्याकडे जर्मन बायका ज्वालामुखीच्या डोंगरातला धूर बघायला येतात. तोस्कानाचा तर बोलायचाही नाही, नुसता मिशीत हसायचा. लिबेरातोने तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "थांब बाबा, तुझा मुलूख अजून छापायचाय."

तेव्हा त्याने मनाशी ठरवलं होतं. आपल्या गावी कुणीतरी मुद्दाम येईल. नातेवाईक नव्हे, सरकारी माणूस नव्हे, वाट चुकलेला तर नव्हेच. आपण होऊन, गावाचं नाव घेऊन, फक्त इथे यायचं म्हणून घरातून निघालेला माणूस. एकच आला तरी चालेल. बाकीच्यांनी त्यांच्या होड्या आणि त्यांचा धूर खुशाल ठेवून घ्यावा.

आता एवढी माणसं चुकायची का, तेही सांगायला हवं. गावाखाली, डोंगराच्या अर्ध्यावर रस्ता फुटतो. उजवीकडचा खाली समुद्राला जातो, डावीकडचा वर गावात. त्या फाट्यावरच्या पाटीला कधीकाळी एका मालगाडीवाल्याने ठोकर दिली होती. तेव्हापासून खांब सैल झाला आणि वाऱ्यासरशी फिरत फिरत 'समुद्राकडे' हा बाण सरळ डोंगरावर रोखून उभा राहिला. गावातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. पण पाटी सरकारची. सरकारच्या पाटीला हात कोण लावणार? आणि गावकऱ्यांना थोडीच समुद्राची वाट विचारायची होती!

मग एर्मेलिंदाबाई गावच्या प्रमुख झाल्या. शाळेत शिकवायच्या, उत्साही बाई, एका जागी बसायच्या नाहीत. पहिल्याच सभेत म्हणाल्या, "या देशात माणसं दगड बघायला परदेशातून येतात. आपल्याकडे दगड काय कमी आहेत? लोक आले पाहिजेत. आणि लोक यायचे तर आधी पाटी नीट पाहिजे." रस्तेखात्याच्या मागे लागून लागून त्यांनी नवी पाटी बसवली. सिमेंटमध्ये, पक्की, झळझळीत. उद्घाटनाला बँड वाजला. लिबेरातोने टाळ्या वाजवल्या, मिकेलिनाने वाजवल्या, त्यांचा शेजारी दोनातांजेलो याने तर टोपी उडवली.

आणि दुसऱ्या दिवसापासून गावात काळं कुत्रं फिरकेना.

वसंत गेला. डोंगरउतारावर पिवळी फुलं आली आणि गळूनही गेली. गहू पिकायला लागला. लिबेरातो रोज दाढी करून खुर्चीत बसायचा. लांबून इंजिनाचा आवाज आला की सावरून बसायचा, आणि टपालवाला निघाला की त्याच्याकडे असा बघायचा की त्या बिचाऱ्याला आपणच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं. मिकेलिना कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायची आणि उतरवायची. बारमध्ये पत्त्यांच्या डावाला रंग चढेना, कारण सांगायला नवीन काहीच नव्हतं.

एका संध्याकाळी दोनातांजेलोने पत्ते खाली ठेवले. हा दोनातांजेलो लिबेरातोचा शाळेपासूनचा मित्र. मेंढ्या राखायचा, चीज करायचा, आणि एका तीनचाकी टेम्पोतून ते खालच्या बाजारात न्यायचा. टेम्पोचा आवाज असा की खाली नदीवर वाजला तरी वर कळायचं दोना निघाला.

"मी काय म्हणतो," दोनातांजेलो म्हणाला, "सिमेंट काय, फुटतं. पाटी जराशी फिरवली, अगदी जराशी, वाऱ्याने फिरावी तेवढी, तर कुणाचं काय बिघडतंय?"

एर्मेलिंदाबाई कोपऱ्यात कॉफी पीत होत्या. त्या उठल्या. "मी आता इथे नाहीये. मी काही ऐकलेलं नाही," म्हणाल्या, आणि दाराबाहेर जाऊन, ऐकू येईल इतक्या अंतरावर उभ्या राहिल्या.

"नाही," लिबेरातो म्हणाला.

"अरे पण पूर्वी चालायचं ना!"

"पूर्वी वारा चुकवायचा. आता आपण चुकवणार. मी त्या माणसाला कॉफी देणार आणि त्याच्या डोळ्यांत बघणार कसा? फसवून आणलेला पाहुणा पाहुणाच नव्हे, दोना. तो पकडून आणलेला माणूस झाला."

"मोठा आला देवमाणूस! मग बस त्या खुर्चीत. येईल हं तुझा मुद्दाम आलेला पाहुणा, पांढऱ्या घोड्यावर बसून! पुढे बँड, मागे पोप!"

सगळा बार हसला. छावणीतली खोली हसली होती तसाच. लिबेरातो पत्ते टाकून घरी निघून गेला, आणि त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. समोरासमोर घरं, आणि तोंड दुसरीकडे करून दोघं सकाळी एकाच वेळी खिडक्या उघडायचे.

असेच दिवस चालले होते, आणि एके दिवशी ऐन दुपारी गाडी आली.

राखाडी, लांबट, धुळीने माखलेली. नंबर उत्तरेकडचा. काच खाली झाली आणि एक बाई बाहेर बघून हसली. साधारण पन्नाशीची, उन्हाने लाल झालेली. शेजारी नवरा, टक्कल पडलेला, गप्प. बाई अशी हसत होती जसं काही ती लिबेरातोला ओळखतेच. त्याला हे हसू पाठ होतं. वाट चुकलेली माणसं पहिल्यांदा अशीच हसतात.

लिबेरातो खुर्चीत ताठ झाला. महिनोन्‌महिने कुणी नाही आणि आज अचानक? फिरवली! त्या मेंढपाळाने पाटी फिरवली! बिचाऱ्यांना उन्हातान्हात वर आणलं, आणि कुणी, तर आपल्याच गावाने.

"सिन्योरा," तो खुर्चीतून उठलाच, "काही बोलू नका. माझ्या सगळं लक्षात आलंय. चूक तुमची नाही."

बाई जरा चमकली. "चूक? नाही, आम्ही..."

"कुणाचीही झाली असती. समुद्र ना? आत्ता निघालात तर ऊन उतरायच्या आत पोचाल."

"सिन्योरा घरात नाहीत का?" बाईने मान उंच करून आत बघितलं.

मिकेलिना खाली मळ्यात घेवडा तोडायला गेली होती. बाईला पाणी हवं असेल, असं लिबेरातोला वाटलं. तो धावत आत गेला, पाणी घेऊन आला. नवरा गाडीतून उतरला होता आणि घरामागच्या तुतीच्या झाडाकडे टक लावून बघत होता. लाजेने लिबेरातोची जीभ अशी सुटली की थांबेना. अंजीर, कुत्रा, पूल, पाणवठा, अक्रोडाची सावली, सगळं त्याने दुप्पट काळजीने सांगितलं. एरवी तो पाव दिल्याशिवाय कुणाला हलू देत नसे. आज मात्र त्याला वाटत होतं, फसवून आणलेल्या माणसांना आपल्या अन्नात गुंतवून आणखी उशीर करायचा म्हणजे गुन्ह्यात वाटेकरी व्हायचं.

"आम्ही जरा इथेच..." नवरा पहिल्यांदा बोलला.

"इथे कशाला? हे गाव तुमच्या वाटेवर नाहीच. कधी नव्हतंच."

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. उत्तरेकडची माणसं. यजमानाने बसा म्हटल्याशिवाय बसणार नाहीत, आणि जा म्हटलं तर का म्हणून विचारणार नाहीत. बाईने मागच्या सीटवरून एक खोका काढला, रंगीत फीत बांधलेला. "हे सिन्योरांना द्याल? आमच्याकडची मिठाई आहे. बदामाची."

इथे तर लिबेरातो शरमेने पाणी पाणी झाला. चुकवायचं आपण आणि वर भेट घ्यायची! त्याने दोन्ही हात मागे घेतले. "वाट सांगायचं आम्ही काही घेत नाही, सिन्योरा."

बाईने खोका परत मांडीवर ठेवला. काच वर गेली. राखाडी गाडी वळली आणि उतरणीला लागली.

धूळ बसायच्या आत लिबेरातो रस्ता ओलांडून दोनातांजेलोच्या दारात होता.

"मेंढ्यांत राहून मेंढीच झालास! फिरवलीस ना पाटी?"

दोनातांजेलो चीजसाठी फाडलेल्या दुधाच्या चोथ्यात कोपरापर्यंत बुडालेला होता. "मी? गावच्या संताची, सान रोक्कोची शपथ!"

"सान रोक्कोला मध्ये आणू नकोस."

"सान रोक्कोची शपथ, आणि त्याच्या पायाशी कुत्रं असतं ना, त्या कुत्र्याचीसुद्धा शपथ! तू नाही म्हणालास, विषय संपला. मी काय तुझ्या मनाविरुद्ध जाणार? चल, बस टेम्पोत. डोळ्यांनी बघ."

दोघं टेम्पोत बसले. पुढे एकाच माणसाची जागा, त्यामुळे खांद्याला खांदा, मांडीवर मांडी, आणि भांडण अजून मिटलेलं नाही म्हणून दोन तोंडं दोन दिशांना. फाट्यावर पोचले. पाटी जिथल्या तिथे, ताठ. समुद्र उजवीकडे, कास्तेल्मुर्रो डावीकडे. लिबेरातोने खांब दोन्ही हातांनी हलवून बघितला. सिमेंटचा एक कणही निघाला नाही. वर गावाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं की आंधळ्यालाही चुकता येणार नाही.

"मग ती चुकली कशी?" लिबेरातो म्हणाला.

"काय म्हणत होती?"

"काही नाही. सिन्योरा घरात आहेत का, म्हणाली."

"कोण सिन्योरा?"

"आमची मिकेलिना, दुसरी कोण!"

दोनातांजेलोने टोपी मागे सारली. "वाट चुकलेली बाई तुझी बायको घरात आहे का म्हणून विचारते? लिबेरातो, तुझ्या बायकोला पार उत्तरेत, क्रेमोनात ओळखतात का?"

"क्रेमोना कुठनं आलं मध्येच?"

"माझ्या खिडकीतनं नंबर दिसला ना मला. गाडी क्रेमोनाची होती."

लिबेरातो खांबाला धरून उभा राहिला. बाईचं ते हसणं. नवऱ्याचं तुतीकडे बघणं. बदामाची मिठाई, फीत बांधलेली, घरून आणलेली. वाट चुकणारा माणूस मिठाई बांधून निघतो का? मग ते त्याला हळूहळू कळत गेलं, आणि जसजसं कळत गेलं तसतसं त्याचं तोंड उघडत गेलं.

"दोना," तो म्हणाला, "ते मुद्दाम आले होते."

"आणि तू?"

"मी त्यांना समुद्राची वाट दाखवली!"

दोनातांजेलो आधी हसायला लागला. मग मित्राचा चेहरा बघून थांबला. "बस आत," म्हणाला.

फाट्यापासून खाली उतरणारा मोटारीचा रस्ता डोंगराला सतरा वळसे घालत जातो. पण मेंढरांची जुनी वाट, आजोबा-पणजोबा थंडीत कळप घेऊन पुल्याच्या मैदानात उतरायचे ती, सरळ खाली जाते. हिरवी, शेतासारखी रुंद, कुठेही वळण नाही. मेंढीला वळणं कशाला हवीत? दोनातांजेलोने टेम्पो त्या वाटेवर घातला. मागे तीन मोठी चीजं होती, ती फळीवर गडगडायला लागली. पुढे दोन म्हातारे उडत होते. टेम्पो एका दगडावर चढला आणि एक चीज मागची फळी ओलांडून गेलं, नि टेम्पोशेजारूनच त्यांच्या पुढे पळायला लागलं.

"थांब, तुझं चीज!"

"जाऊ दे, त्याला वाट माहीत्ये!"

"आणि ते पाणवठ्यावर नसले तर?"

"तू सांगितलंस ना थांबा म्हणून? तू सांगितलेली वाट आजवर कुणी मोडली आहे का? असतील तिथेच!"

आणि होते. तीन तोट्यांच्या पाणवठ्यापाशी, अक्रोडाच्या सावलीत, लिबेरातोने सांगितलेल्या जागीच दोघं पाव खात बसले होते. खोका बाजूला दगडावर होता. टेम्पो खडखडत उतरला, तसं बाईने वर पाहिलं. चेहरा थंड होता.

"काय काका? एखादं वळण सांगायचं राहिलं का?"

लिबेरातोने टोपी काढली. "सिन्योरा, एकच विचारतो. तुम्ही... कुठे निघाला होतात?"

"तुमच्याकडे," बाई म्हणाली. "कास्तेल्मुर्रोला. आणखी कुठे?"

लिबेरातो पाणवठ्याच्या कठड्यावर बसला. कठडा ओला होता, तेही त्याला कळलं नाही.

मग बाईने सांगितलं. तिचं नाव ओर्नेल्ला, नवरा सेव्हेरिनो. काही वर्षांपूर्वी समुद्राला जाताना ते वाट चुकून वर आले होते आणि चढाने गाडीचं पाणी उकळलं होतं. मिकेलिनाने तिला आत नेऊन बसवलं होतं, पुढे पीठ ठेवलं होतं आणि नुसत्या दोन बोटांनी कणकेच्या गोळ्या दाबून कावातेल्ली नावाचा पास्ता करायला शिकवलं होतं. "तेव्हापासून घरी करत्येय, काका. तोंडं फाकतात, शिजवले की लगदा होतो. आमच्या गावात सगळे म्हणतात, बाई, नाद सोड. मी म्हटलं, जिथं शिकले तिथंच परत जाऊन बघते."

"उकळलेली गाडी? हिरवी? पुढचा दिवा फुटलेला?" लिबेरातो ताडकन उठला. "अहो मग असं सांगा ना! तुम्ही गाडी बदललीत, मी ओळखणार कसा? माणसांचे चेहरे काय, सगळ्यांचे सारखेच असतात हो. घाबरलेले!"

"आम्ही तेव्हाच म्हटलं होतं, परत येऊ."

"तसं सगळेच म्हणतात, सिन्योरा." मग तो नवऱ्याकडे वळला. "आणि तुम्ही, साहेब? तुम्हीही कावातेल्लीसाठीच?"

सेव्हेरिनोने पाव खाली ठेवला. तो आयुष्यभर आगगाड्यांच्या यार्डात, पाळ्यांवर नोकरी केलेला माणूस. थोडा लाजला आणि म्हणाला, "मी झोपायला आलोय."

"काय म्हणालात?"

"त्या दिवशी गाडी थंड होईस्तोवर मी तुमच्या मागच्या तुतीखाली आडवा झालो होतो. तसली झोप मला त्याच्या आधी लागली नव्हती आणि नंतरही नाही. फ्लॉरेन्सला गेलो, रोमला गेलो. फार सुंदर. पण तिथे झोप नाही लागली."

दोनातांजेलो बाजूला जाऊन तोटीखाली डोकं धरून उभा राहिला. हसू आवरायला म्हणून गेला होता, पण बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता, आणि ते सगळंच पाणी काही तोटीचं नव्हतं.

परत जाताना लिबेरातो त्यांच्या गाडीत पुढे बसला आणि टेम्पो मागून खडखडत आला. फाट्याच्या अलीकडे सेव्हेरिनोने विचारलं, "आता कुठे?" आणि लिबेरातो गडबडला. गावातून बाहेर जाणाऱ्या एकेका वाटेचा दगड न् दगड त्याच्या जिभेवर होता, पण गावाकडे कसं यायचं हे आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "थांबा हं," म्हणाला, "अंजीर... नाही, आधी कुत्रा... आता अंजीर डावीकडे येणार की काय?" शेवटी ओर्नेल्लाच म्हणाली, "काका, पाटी आहे की!"

मिकेलिना दारातच उभी होती, ओच्यात घेवडा. गाडीतून बाई उतरली मात्र, घेवडा सगळा पायरीवर.

"क्रेमोना!" ती ओरडली. "वाकड्या बोटाची क्रेमोना! ये गं ये! आणि हे काय, हा तुमच्या गाडीत कसा?" मग सगळं कळल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "चाळीस वर्षं या माणसाने वाट बघितली. चाळीस वर्षं रोज माझं डोकं खाल्लं, कुणीतरी मुद्दाम येईल म्हणून. आणि आले तर हाकलून दिले! पाणी देऊन! साधं पाणी! पावसुद्धा नाही!"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! तुला काही वाटत जाऊ नये म्हणून मी किती नवस केलेत!"

पण बोलता बोलता तिने परात काढली होती. ओर्नेल्लाने बाह्या वर केल्या. पीठ, कोमट पाणी, मीठ. मिकेलिनाने तिचं बोट धरलं, दाबलं, सोडलं. "दाबायचं नाही, ओढायचं. तू रागाने दाबतेस. राग कुणावर गं? नवऱ्यावर? तो बाजूला ठेव, नवरा चांगलाय." पहिले चार फाकले. पाचवा नीट वळला. ओर्नेल्लाने तो हातावर घेऊन खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरून बघितला.

दुपारचं जेवण उशिरा झालं. डुकराच्या मांसाचा लाल रस्सा, वर दोनाचं किसलेलं चीज. ते कुठलं, तर वाटेत पुढे पळालेलं. खाली ओढ्याच्या काठाला ते अगदी धडधाकट सापडलं होतं. दोनातांजेलोला वेगळं आमंत्रण कुणी दिलं नाही. तो आपली खुर्ची आपल्या घरून घेऊन आला आणि लिबेरातोच्या शेजारी टेकला. मिठाईचा खोका फुटला. लिबेरातोने या वेळी हात पुढे केला.

मग सेव्हेरिनो कुणाला काही न सांगता उठला, मागे गेला, बूट काढून तुतीखाली आडवा झाला. पाठ टेकते न टेकते तोच घोरायला लागला.

एवढ्यात गावाच्या अंगणा-अंगणातून बातमी फिरली होती. एर्मेलिंदाबाई धावतच आल्या, गळ्यात पदाची तिरंगी फीत, वाटेत चालता चालता अडकवलेली. मागे बँडमधला ढोलवाला. "कुठे आहेत? कुठे आहेत पाहुणे? मी स्वागताचं बोलणार आहे. देऊळ दाखवायचंय, जुना दरवाजा दाखवायचाय, टेकडीवरची पडकी भिंत..."

लिबेरातो घराच्या कोपऱ्यावर आडवा उभा राहिला, ओठांवर बोट.

"श्शू! बाई, आवाज करू नका. झोपलेत."

"झोपलेत? अहो, एवढ्या लांबून आले आणि झोपलेत?"

"त्यासाठीच आलेत."

एर्मेलिंदाबाईंनी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. ढोलवाल्याने ढोल हळूच गवतावर ठेवला. दोनातांजेलो स्वतःच्या टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला, चुकून कुणी तो सुरू करू नये म्हणून. बाईंनी गळ्यातली फीत काढली, घडी केली, आणि कुजबुजत विचारलं, "किती दिवस राहणारेत?"

"विचारलं नाही," लिबेरातोही कुजबुजला. "राहतील तेवढे राहू देत."

तो जाऊन तुतीपासून जरा लांब, सावलीच्या कडेला बसला. तोंडात बदामाची कडक मिठाई होती. छावणीपासून आजपर्यंत भेटलेल्या प्रत्येक माणसाला हाका मारून सांगावंसं त्याला वाटत होतं, की बघा रे, आलेत, मुद्दाम आलेत. ते ओठांपर्यंत येऊन दाटून राहिलं होतं. पण पाहुण्याची झोप मोडली असती, म्हणून त्याने मिठाई दाताने फोडलीसुद्धा नाही, नुसती चघळत बसला. फांदीवर एक पाखरू येऊन ओरडायला लागलं, तर त्याने त्यालाही बोटाने दटावलं.